परवा या

मराठीत ‘परवा’ हा शब्द दोन तोंडांचा आहे. उद्याच्या पुढचा दिवस परवा आणि कालच्या मागचा दिवसही परवा. इतकी वर्षं मराठी शिकवताना मी मुलांना सांगत आलो, की संदर्भ बघा, अर्थ आपोआप लागतो. मग एकदा मी जिभाऊंकडे टमाट्याचं रोप घ्यायला गेलो.

जळगावहून धुळ्याकडे जुन्या सहा नंबरच्या हायवेने निघालं की बांभोरीला गिरणा ओलांडायची, पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, आणि कपाशीत मधूनच हिरव्या नाहीतर पांढऱ्या जाळीचं एखादं छप्पर. खाली मिरची, वांगी, टमाटे, पपई यांची रोपं ट्रेमध्ये बसलेली असतात आणि त्यांच्या मधोमध उलट्या क्रेटवर एक माणूस बसलेला असतो. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे नाना, कुठे तात्या. आमच्याकडे जिभाऊ. वाण एकच. रोप तयार करण्यात आयुष्य घालवलेला, आणि ‘रोप तयार झालं’ हे वाक्य आयुष्यात न उच्चारलेला.

रोप तयार आहे का, असं विचारलं की जिभाऊ आधी तुमच्याकडे बघतात, मग आभाळाकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. रोपाकडे बघत नाहीत. आणि म्हणतात, “परवा या.”

परवा गेलं तर म्हणतात, “आज नही. परवा.”

आणि कोणी कंटाळून आठ दिवसांनी उगवला, तर कपाळावर हात मारून घेतात. “अहो, परवाच तर तयार होतं! परवाच यायचं ना!” म्हणजे जिभाऊंच्या हिशेबात रोप तयार असण्याची जी वेळ, ती पुढचा परवा आणि मागचा परवा यांच्या मधल्या कुठल्यातरी सांदीत असते. त्या सांदीत नेमकं गिऱ्हाईक येऊन उभं राहिल्याचं निदान आमच्या शिवारात तरी कोणाला आठवत नाही.

मी या फंदात पडलो 2023 साली. त्या वर्षी मे महिन्यात भाव नाही म्हणून शेतकरी टमाटे रस्त्याच्या कडेला ओतून देत होते, आणि जुलैत तोच टमाटा किलोला दीडशेच्या पुढे गेला. जुन्नरकडे कोणी महिन्याभरात कोटीचा टमाटा विकल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत गणितं मांडली जाऊ लागली. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा मी वर्गात घसा दाटून येईपर्यंत शिकवलेली आहे. भाव पडल्यावर भर बाजारात स्वतःचाच माल तुडवणारा बाप मुलांना समजावून सांगितलेला आहे. तरीही बोरी नदीच्या अंगाची घरची अर्धा एकर जमीन टमाट्याखाली आणायची, असं मी ठरवलं. मास्तराने शिकवायचं असतं. शिकायचंही असतं असं कुठल्या नियमावलीत मी वाचलेलं नाही.

ऑगस्टमध्ये नोंदणीला गेलो. त्या ऑगस्टात पाऊस असा काही रुसला होता की विहिरीत वाकून बघायची भीती वाटायची. जिभाऊ सरांशी शुद्ध बोलायचं असं ठरवून सुरुवात करतात आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अहिराणीवर येतात.

“किती क्षेत्र आहे सर आपलं? बेड किती फुटांवर पाडणार? ठिबक आहे का? लाईट या आठवड्यात दिवसाची का रात्रीची? बाया कोण देणार? आणि हाई टमाटानं भूत तुमना डोकामा घालं कोनी?”

इतके प्रश्न मला घराच्या कर्जासाठी बँकेने विचारले नव्हते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलं, पण त्यांना ते ठाऊक होतं. चार फुटांवर बेड, दीड फुटावर रोप, म्हणजे अर्ध्या एकराला छत्तीसशेच्या आसपास. वर नांग्या भरायला थोडी. म्हणजे 98 भोकांचे चाळीस ट्रे. बोटांच्या पेरांवर हा हिशेब करून झाल्यावर म्हणाले, “सर, टमाट्याचा भाव पेपरात बघू नये. माझ्या दारात बघावा. जुलैपासून रांग शे. आज रांगेत उभे असलेले सगळे एकाच महिन्यात लावणार, आणि लावल्यापासून 70 दिवसांनी सगळ्यांचा माल एकदम मार्केटला उतरणार. तवय काय व्हई?” हे इतकं स्वच्छ अर्थशास्त्र मला सांगत असतानाच त्यांनी माझ्याकडून ॲडव्हान्स मोजून घेतला. सप्टेंबरात भाव कोसळला. रांग मात्र हलली नाही, कारण प्रत्येकाचा ॲडव्हान्स आत अडकलेला होता. माझ्या टमाट्यांना पुढे काय भाव मिळाला हे या लेखात येणार नाही. वाट बघू नये.

जिभाऊंचं खरं रूप बघायचं तर बी टाकायच्या दिवशी बघावं. माझं बी गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, 20 सप्टेंबरला पडलं. संकरित टमाट्याच्या दहा ग्रॅमच्या पाकिटात तीन हजारांच्या आसपास बिया असतात, आणि किंमत अशी की एक बी निसटलं तर जिभाऊ चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून जमिनीवर ओणवे होतात. भिजवलेलं कोकोपीट ट्रेमध्ये भरायचं, प्रत्येक भोकात बोटाच्या टोकाने नखभर खळगा, खळग्यात एक बी, वर चिमूटभर पांघरूण. मग दहा-दहा ट्रेची थप्पी लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. आतल्या उबेत बी फुगतं, फुटतं. कोंबाने डोकं वर काढलं की त्याच घडीला थप्पी मोडून ट्रे उजेडात मांडले पाहिजेत. एक रात्र उशीर झाला तर अंधारात उजेड शोधत शोधत रोपं पांढरी, दोऱ्यासारखी लांब होतात आणि जन्मभर तशीच लुकडी राहतात.

म्हणून तिसऱ्या दिवसापासून जिभाऊ झोपत नाहीत. रात्री अकराला, दोनला, चारला उठून प्लास्टिकचा कोपरा उचलून आत डोकावतात. बॅटरी धरायला पोऱ्या असतो. पोऱ्या म्हणजे जिभाऊंचा मुलगा. वय 36. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा पदवीधर, दोन मुलांचा बाप. त्याला काही नाव असणार, लग्नपत्रिकेत छापलंही असणार, पण जिभाऊ त्याला पोऱ्या म्हणतात आणि त्यामुळे सगळा तालुका पोऱ्या म्हणतो. त्याच्याकडे तीन खाती आहेत: बॅटरी धरणं, रिकामे ट्रे धुणं, आणि जिभाऊ आपली जुनी एम-एटी चालवत असताना मागे बसून मांडीवर ट्रे सांभाळणं. गाडी जिभाऊच चालवतात. पोऱ्याला गिअरचं नीट समजत नाही असं त्यांचं मत आहे.

हे सगळं ट्रेच्या जमान्यातलं. जिभाऊंची उमेदवारी गादीवाफ्यावर झाली. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच वाफा, आडव्या रेघा ओढून त्यात बी, वर वाळलेलं गवत, झारीने पाणी. आणि मर! संध्याकाळी बघावं तर वाफा हिरवागार, सकाळी जाऊन बघावं तर रोपं बुडाशी चिमटा घेतल्यासारखी बारीक होऊन, तेलातून काढलेल्या वातीसारखी आडवी. बुरशीचं काम. पाणी जास्त झालं, बी दाट पडलं, की एका रात्रीत वाफा साफ. त्यावर जिभाऊंचा उपाय म्हणजे मे महिना. रिकामा वाफा भिजवायचा, पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकायचा आणि महिनाभर उन्हात शिजू द्यायचा. जळगाव-भुसावळचा पारा 45च्या पुढे जातो तेव्हा अख्खा खानदेश सूर्याच्या नावाने बोटं मोडतो. जिभाऊ एकटे कौतुकाने वर बघतात. “फुकटनी दवाई शे सर. वापरणारा पाहिजे.”

ट्रेला त्यांचा विरोध होता. टिश्यू कल्चरच्या केळीने खानदेशाला रोप विकत घ्यायची चटक लावली आणि मग लोक टमाट्याचंही आयतं मागू लागले, हे त्यांच्या बोलण्यात अजूनही तक्रारीच्या सुरात येतं. धंदा त्याच तक्रारीवर चालतो ही गोष्ट वेगळी. कोणीतरी त्यांना सांगितलं की आता वांग्याच्या खुंटावर टमाट्याचं कलम करतात, मुळाचे रोग लागत नाहीत. जिभाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग गंभीरपणे विचारते झाले, “मग भरीत कशानं करायचं?” बामणोदच्या वांग्याचं भरीत हा ज्या मुलखात पाहुणचाराचा कळस आहे, तिथे या प्रश्नात थट्टा किती आणि धास्ती किती, हे मला ठरवता आलं नाही.

एका वर्षी कृषी महाविद्यालयाची मुलं कार्यानुभवासाठी गावात राहायला आली होती. त्यांनी जिभाऊंच्या जाळीत फळा टांगला आणि त्यावर लिहिलं: रोपाचं वय 25 ते 30 दिवस, उंची 12 ते 15 सेंटीमीटर, खरी पानं चार ते सहा. जिभाऊंनी फळा वाचला, मान डोलावली. “बरोबर शे,” म्हणाले, “आते हाई रोपले वाचाले लावा.” फळा अजून तिथेच आहे. त्यावर उधारी लिहितात.

मी मात्र फळ्यावर विसंबलो. 20 सप्टेंबरपासून 25 दिवस मोजून कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केला, तो नेमका घटस्थापनेच्या रविवारी आला. सुटीही होती. शकुन यापेक्षा चांगला काय असतो! ज्यांनी ऑक्टोबरात खानदेशात मजूर शोधले आहेत त्यांनाच पुढच्या वाक्याचं मोल कळेल: मी आठ बाया मिळवल्या. कापूस वेचणी सुरू असताना, किलोवर पैसे मिळत असताना, आठ बाया! मुकादमीण बाईच्या घरी तीन खेपा घातल्या, तिच्या नातवाचा दाखला शाळेतून काढून दिला, तेव्हा कुठे जमलं. छोटा हत्ती ठरवला. बेड आदल्या रात्री भिजवून ठेवले. त्या आठवड्यात लाईट रात्रीची, म्हणून दीड वाजता उठून मोटर चालू केली. सकाळी सातला टेंपो, बाया आणि मी, असे जिभाऊंच्या जाळीपुढे वाजतगाजत उभे राहिलो.

जिभाऊंनी माझ्याकडे बघितलं. आभाळाकडे बघितलं.

“जिभाऊ,” मी हात जोडले, “म्हणू नका.”

त्यांनी काही म्हटलं नाही. एक ट्रे उचलला, तळाच्या भोकातून करंगळीने हलकेच वर ढकललं, खोड दोन बोटांत धरून रोप बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. खालचं अर्धं कोकोपीट भुसभुशीत होऊन माझ्या बोटांतून सांडलं. उरलेल्यात चार पांढरी मुळं इकडेतिकडे लोंबत होती, गर्दीत आई हरवलेल्या पोरांसारखी. “गड्डा धरला नाही अजून,” जिभाऊ म्हणाले. “अख्खा गड्डा बाहेर निघाला पाहिजे, खारीसारखा. हे लावलं तर जगेल. पण आठ दिवस फक्त रडेल. परवा या.”

मी मागे वळून बायांकडे बघितलं. मुकादमीण म्हणाली, “सर, आम्ही काय शाळेतली पोरं नाहीत, सुटी झाली म्हटल्यावर उड्या मारत घरी जायला.” अर्धा रोज द्यावा लागला. नऊच्या आत त्या दुसऱ्याच्या कपाशीत होत्या. टेंपोवाल्याने रिकाम्या गाडीचं पूर्ण भाडं घेतलं. रिकामी गाडी जास्त खडखडते आणि त्याने पाटे जातात, असं त्याने मला समजावून सांगितलं. घरी घट बसवून झाला होता. परडीतल्या मातीत धान्य पेरताना बायको म्हणाली, “हे बघा. नऊ दिवसांत उगवतं, दसऱ्याला काढतात. कोणाला विचारावं लागत नाही.”

मंगळवारी किरकोळ रजा टाकून एकटाच गेलो. बाया नाहीत, टेंपो नाही. एवढं शहाणपण आलं होतं. दुपारी एकला पोचलो आणि पोटात गोळा आला. वरची सावलीची जाळी काढून टाकलेली, टळटळीत ऑक्टोबरचं ऊन, आणि माझे चाळीसच्या चाळीस ट्रे माना टाकून पडलेले.

“जिभाऊ, पाणी!”

“बठा. चहा पी ल्या.”

“अहो, मेली!”

“बठा तर खरं.”

बसलो. पहिला चहा झाला, दुसरा झाला. वहिनींनी दादरची भाकरी आणि ठेचा आणून दिला. जिभाऊ बोलत होते, मी रोपांकडे बघत होतो. साडेचारपर्यंत काही नाही. मग ऊन कललं, आणि कडेच्या ट्रेमधलं एक पान, मी बघत असताना, वर आलं. लाजाळूच्या उलट. त्याच्या शेजारचं. मग ओळीच्या ओळी. साडेपाचला चाळीस ट्रे असे ताठ उभे होते, जसं काही झालंच नव्हतं. पाण्याचा थेंब कोणी दिला नव्हता.

“तीन दिवस पाणी तोडलंय,” जिभाऊ म्हणाले. “दुपारी मान टाकली तर टाकू द्यायची. आपण धावायचं नाही. संध्याकाळी स्वतःची स्वतः उचलली, तर ते वावरातलं रोप. नाही उचलली, तर ते अजून आईच्या पदराखालचं.” मग एक खोड बोटांत फिरवून दाखवलं. बुडाशी जांभळट झाक आलेली, जाडी पेन्सिलीच्या आतल्या शिशाहून थोडी जास्त. युरियाने फुगवलेलं रोप याहून उंच आणि हिरवंगार असतं, गिऱ्हाईक त्यालाच भुलतं, आणि वावरात गेलं की तेच पहिलं आडवं होतं. सकाळी लवकर आलं तर पानांच्या कडेला थेंब दिसतात. लोक त्याला दव समजतात, पण ते मुळांनी रात्री वर ढकललेलं पाणी असतं. थेंब कडेला ओळीने दिसले की खाली मुळं कामाला लागली म्हणायचं. जिभाऊंनी गड्डाही काढून दाखवला. या खेपेस तो अख्खा निघाला, चारी बाजूंनी शेवयांसारख्या पांढऱ्या मुळांनी बांधलेला.

“आणि उशीर झाला तर?” मी विचारलं.

जिभाऊंचा चेहरा बदलला. कोपऱ्यातला एक ट्रे ओढला. कोणीतरी नोंदवून न नेलेला, चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा. त्यातल्या एका रोपाला चक्क पिवळं फूल आलं होतं. गड्डा काढला तर मुळं तपकिरी, गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली, काथ्याच्या वेटोळ्यासारखी. “हे बघा. आता याला वावरात लावा नाहीतर राजवाड्यात लावा. मुळाला वाटतं जग म्हणजे हे एवढंच भोक. हे गोलच फिरणार. ट्रेमध्ये संसार थाटला यानं.”

पोऱ्या शेजारी ट्रे धूत होता. त्याने वर बघितलं नाही.

“म्हणजे आज माझं तयार आहे,” मी म्हणालो. गड्डा धरला होता, मान उचलली होती, खोड जांभळं होतं. पुराव्यांची फाईल पूर्ण होती.

जिभाऊंनी माझ्याकडे बघितलं. आभाळाकडे बघितलं. “परवा या.”

त्या संध्याकाळी परत येताना मला कळलं की हा ज्ञानाचा प्रश्न नाही. ज्ञान त्यांच्याकडे भरपूर आहे. जिभाऊंना ‘घेऊन जा’ हे दोन शब्द तोंडातून काढता येत नाहीत, एवढंच. रोप गेलं तरी त्यांचा हात सुटत नाही. रात्री नऊला शेतकऱ्याला फोन: पाणी सोडलं का? कधी? इतकं का सोडलं? वहिनींनी एकदा मला हळूच सांगितलं, की जिभाऊंनी स्वतःही एका वर्षी टमाटे लावायचं मनावर घेतलं होतं. वावर तयार, तारा-बांबू तयार, रोपं घरचीच. रोज सकाळी जाऊन बघायचे आणि परवा म्हणायचे. ट्रेमध्येच फुलं आली. शेवटी त्या वावरात हरभरा पेरला. टमाट्याच्या रोपातला हा एवढा जाणता माणूस टमाटे पारोळ्याच्या बाजारातून विकत आणतो, आणि घासाघीस करतो.

पण या जगात एक तारीख अशी आहे जी जिभाऊंनाही पुढे ढकलता येत नाही. ती म्हणजे गंधमुक्तीची. सुरतेला, उधन्याला राहणारे त्यांचे एक साडू वारले होते. अर्धा खानदेश सुरतेत पोटाला गेलेला, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक घरामागे एखादं सुतक तापी लाईनवरून येतं. बुधवारी संध्याकाळी जिभाऊ आणि वहिनी अमळनेरला गाडीत बसले. जाताना पोऱ्याला बजावून गेले, की ट्रेला हात लावायचा नाही, कोणी आलं तर परवा सांगितलंय म्हणून सांगायचं.

गुरुवारी मी गेलो तेव्हा जाळीसमोर पाच टेंपो उभे होते. पोऱ्या यादी हातात घेऊन नावं पुकारत होता. मी त्याला इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

“जिभाऊ?” मी विचारलं.

“सुरतेला.”

“मग हे?”

“आबा म्हणाले, परवा सांगितलंय म्हणून सांगायचं. तुम्हाला मंगळवारी सांगितलं ना? आज परवा.” त्याच्या चेहऱ्यावर ओळखू येईल असं काहीही नव्हतं. ट्रे औषधाच्या पाण्यात एकेक बुडवून, निथळून, त्याने अर्ध्या तासात माझी गाडी भरून दिली आणि हातात वहीच्या कागदाची चिठ्ठी दिली. ऊन कलल्यावर लावा. आधी बेड ओला. खोड खालच्या पानांपर्यंत मातीत जाऊ द्या, टमाट्याच्या खोडालाही मुळं फुटतात. अक्षर सुरेख होतं. मराठीच्या शिक्षकाला अशा गोष्टी उगाच दिसतात. मुकादमीण बाई या खेपेला चार बाया घेऊन आली, दुप्पट रोजाने. अंधार पडेपर्यंत लावणी चालली, शेवटच्या दोन ओळी मोबाईलच्या उजेडात.

शनिवारी सकाळची शाळा करून मी वावरात पोचलो, आणि मागोमाग एम-एटीचा फटफटाट ऐकू आला. जिभाऊ पुढे, पोऱ्या मागे. मांडीवर ट्रे नसल्यामुळे पोऱ्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. जिभाऊ रात्रीच्या गाडीने आले होते, रिकामी जाळी बघितली होती, आणि सकाळपासून सात वावरं फिरून झाली होती. माझं आठवं. रामराम नाही, काही नाही. थेट बेडवर. नेमकी दुपार होती आणि माझी साडेतीन हजार रोपं माना टाकून उभी होती. मी घाबरून ठिबकची कळ सोडायला निघालो.

जिभाऊ पोऱ्याकडे वळले. “परवा म्हंजे परवाच राहस का रे?”

“दुपार आहे, आबा,” पोऱ्या म्हणाला. “बसा.”

आणि जिभाऊ बसले. बांधावरच्या निंबाखाली, एका बाजूला ते, एका बाजूला पोऱ्या, मध्ये मी आणि थर्मास. कोणी बोलत नव्हतं. मी उगाच भावाचं काढलं, कोणी उत्तर दिलं नाही. चार वाजले. जिभाऊ दर पाच मिनिटांनी चष्मा काढून पुसत होते. पाचच्या सुमाराला वाऱ्याची झुळूक आली आणि बांधाकडच्या ओळीतलं पहिलं रोप हललं, थांबलं, आणि वर आलं. मग पलीकडचं. पोऱ्याने घड्याळात बघितलं. जिभाऊंनी ते बघितलं.

ते उठून ओळीतून चालत गेले, शेवटपर्यंत आणि परत. मध्येच खाली बसून एका जागी बोट टेकवलं. “एक गेलं.”

“नांग्यांना अडीचशे ठेवलीत,” पोऱ्या म्हणाला.

जिभाऊंनी मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही. “चल,” म्हणाले. गाडीपाशी गेले, हँडलला हात घातला, मग कमरेला हात लावून जरा वेळ तसेच उभे राहिले, आणि हँडल सोडून बाजूला झाले. पोऱ्याला काही समजेना. मग समजलं. त्याने किक मारली, जिभाऊ मागे बसले. गाडी बांधावरून चाकोरीला लागली, पहिला गिअर, दुसरा, काही अडलं नाही. पण पुढे बाभळीच्या वळणावर, समोर ना माणूस ना जनावर, तरी जिभाऊंचा हात मागून पोऱ्याच्या खांद्यावरून पुढे आला आणि त्यांनी हॉर्न दाबला.